भुजंगप्रयातात न बसलेला फीडर

१६ जून २००५, गुरुवार. सकाळी सहा.

खण् खण् खण्. आठवीच्या वर्गात नेरकर मास्तर किल्ल्यांचा जुडगा टेबलावर आपटत भुजंगप्रयात शिकवायचे. ल गा गा, ल गा गा. चाळीस पोरं एका सुरात. आज पहाटे वीज गेली, पंखा थांबला, आणि त्या शांततेत मला तो जुडगा स्पष्ट ऐकू आला. जवळजवळ साठ वर्षांनी. शुभशकुन समजतो.

कारण काल संघाच्या बैठकीत निवेदन लिहायचं काम एकमताने माझ्याकडे आलं. (दुसऱ्या कोणी हात वर केला नाही. एकमत ते एकमत.) नाशिकच्या अंबड लघुकारखानदार संघाचा मी गेली नऊ वर्षं मानद चिटणीस. आजवर एकशे सहा निवेदनं लिहिली. रस्ते, गटार, जकात नाका, पथदिवे. उत्तरं दोनच आली, पण भाषेची चूक एकाही उत्तरात कोणी दाखवली नाही.

मुद्दा स्वतःशी स्पष्ट असावा म्हणून लिहून ठेवतो. आमच्या गल्लीतल्या अकरा शेडना वीज येते ती गावच्या फीडरवरून, म्हणजे सबस्टेशनातून गावाकडे जाणाऱ्या लाइनवरून. गावाचं लोडशेडिंग ते आमचं लोडशेडिंग. पलीकडच्या गल्लीला कारखान्यांचा फीडर आहे, तिथे भट्ट्या अखंड चालतात. आम्हालाही त्या फीडरवर टाका, एवढीच मागणी.

आमची हीट ट्रीटमेंटची भट्टी. लोक गिअर आणून देतात, आम्ही तापवून, तेलात बुडवून कडक करून देतो. मधेच वीज गेली की सगळा घाणा भंगारात. अमितने, माझ्या मुलाने, काल जेवताना सांगितलं, नाना, दसऱ्यापर्यंत वाट बघतो. नाही झालं तर भट्टी चाकणला हलवतो. आपलं मोठं गिऱ्हाईक तिथे त्याच्या कंपनीशेजारी शेड देतंय. भट्टी जाणार म्हणजे अमित, सूनबाई पल्लवी आणि नात शुभांगी जाणार. पल्लवी मान खाली घालून वरण वाढत होती. म्हणजे दोघांचं आधीच बोलणं झालेलं आहे.

शेड आहे तिथे पूर्वी आमचा कोबीचा मळा होता. औद्योगिक वसाहतीत जमीन गेली, बदल्यात प्लॉट मिळाला. तो सोडून चाकण? प्रश्नच येत नाही. दसऱ्याला चार महिने आहेत. मला आठ दिवस पुरे.

संकल्प: १. रोज पहाटे चारला उठून लेखन. २. चहा दोनदाच. ३. निवेदन असं की वाचणाऱ्याचे डोळे पाणावले पाहिजेत.

२० जून, सोमवार.

चारला उठलो नाही. साडेसातला उठलो. पण झोपेत विचार चालूच होता, तो धरायला हवा.

दुपारी लिहायला बसलो तर वीज नाही. विजेवर लिहायला वीज लागते हा विचार सुचला. छान आहे, कुठेतरी घालू. चहा चार वेळा. पाहुणे आले होते. (एक पाहुणा. एकदा.)

२४ जून, शुक्रवार. सायंकाळी.

झालं. नऊ पानं. सुरुवातीलाच भुजंगप्रयातात वंदन:

तुम्ही तार ओढून देता प्रकाशा,
अम्हां पामरांची तुम्ही एक आशा.

मात्रेची चूक काढून दाखवावी कोणीही.

नंतर विजेचा इतिहास. पहिला बल्ब आमच्या आळीत लागला ती संध्याकाळ. एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची चिमणी मी पहिल्यांदा पाहिली तो दिवस. खांबावर चढणाऱ्या वायरमनचं वर्णन दीड पान. मागणीसुद्धा पद्यातच करायची होती, पण फीडर हा शब्द वृत्तात बसेना. दोन दिवस झटलो. पुढे न लावला, मागे हा लावला, कुठूनही मोडतोच. शेवटी मागणी गद्यात घेतली आणि सातव्या पानावर घातली. जेवणात मुख्य पदार्थ काही पहिल्या घासाला येत नाही.

अमितला दाखवलं. उभ्याउभ्याच चाळलं. म्हणाला, नाना, यात फीडर कुठे आहे? म्हटलं, सातव्या पानावर. तो म्हणाला, सातव्या पानापर्यंत माझ्या हातातला गिअर थंड झाला. इंजिनिअर झालेल्या मुलांचं वाचन कमी असतं.

संघाचे अध्यक्ष गायखे यांनाही फोनवर पहिली तीन पानं वाचून दाखवली. म्हणाले, नाना, छान आहे, पण एक पान करा. एक पान हे निवेदन नसतं, चिठी असते. तसं त्यांना म्हटलं नाही. करतो म्हटलं.

२ जुलै, शनिवार.

एक पान करायला बसलो. दहा झाली. वायरमनची बायको राहून गेली होती.

कालची बातमी वाईट. दुपारी पावणेतीनला वीज गेली, भट्टीत पूर्ण भरलेला घाणा. एकशे ऐंशी गिअर. गोटीराम आमचा भट्टीवाला, पेठकडचा, सतरा वर्षं आमच्याकडे आहे. सकाळी सांगायला घरी आला. म्हणाला, नाना, लोखंड हाय ना, त्याला बी कळतं. अर्धवट तापवलं की रुसून बसतं. मग किती बी तापवा, नाय ऐकत.

किती सहज उपमा. त्याला बसवून पहिलं पान वाचून दाखवलं. डोळे मिटून ऐकत होता. शेवटी म्हणाला, लय भारी हाय नाना. देवाची आरती वाटली. पन लाइटीचं कवा सांगनार त्याला?

साध्या माणसाला उत्कंठा लागली, म्हणजे रचना बरोबर आहे.

११ जुलै, सोमवार. रात्रीचं जेवण व्हायच्या आत लिहितो.

आज शिष्टमंडळ विजेच्या ऑफिसात. आम्ही सात जण, खुर्च्या चार. कार्यकारी अभियंता आहेरसाहेब, मूळचे चांदवडचे, ठसठशीत माणूस. प्रथेप्रमाणे आधी गुच्छ, मग फोटो, मग विषय. साहेबांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, अर्ध्या तासाने मला सबस्टेशनला जायचंय, बोला.

ठरलं असं होतं की गायखे दोन मिनिटांत फीडरचं सांगतील आणि मी नुसतं निवेदन देईन. पण निवेदन नुसतं देणं म्हणजे पत्रिका न वाचता लग्नाला जाणं. गायखे घसा साफ करत होते, तेवढ्यात मी उभा राहिलो आणि वाचायला लागलो. वंदन म्हटलं चालीवर. बाहेरचे दोन कारकून दारात येऊन उभे राहिले. वायरमनच्या वर्णनाला साहेबांनी चष्मा काढला. माझ्या डाव्या पायावर गायखेंनी दोनदा बूट ठेवला, पण मी लयीत होतो.

सहावं पान संपताना साहेबांचा फोन वाजला. ते उठले, माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाले, नाना, सत्तावीस वर्षं नोकरी झाली. लोक येतात ते शिव्या द्यायला. काचा फोडल्यात माझ्या. असं कोणी बोललं नाही हो आमच्याबद्दल. आणि गेले. गायखे मागोमाग जिन्यापर्यंत धावले, पण गाडी निघाली होती.

खाली चहाच्या टपरीवर कोणी माझ्याशी फारसं बोललं नाही. भारावले असणार. गायखे फक्त एवढंच म्हणाले, नाना, पाठपुरावा तरी नीट करा. म्हटलं, तो माझ्यावर सोडा.

१३ जुलै, बुधवार.

पेपरात आलं. फोटोसह. मथळा: वीज अधिकाऱ्यांच्या कार्याबद्दल लघुउद्योजकांची कृतज्ञता. खाली, अंबडच्या कारखानदारांनी समाधान व्यक्त केले, असं वाक्य आहे. थोडं खटकलं. पण छपाईत जागेचा प्रश्न असतो.

गायखेंचा फोन. म्हणाले, नाना, समाधान? मी म्हटलं, ही पहिली पायरी. त्यांनी फोन ठेवला. लाइन खराब असेल.

आमची सौ., सावित्री, म्हणाली, फोटोत तुम्ही हसताय आणि मागे बाकीचे सहा जण मयताला आल्यासारखे उभे आहेत. तिचं निरीक्षण चांगलं आहे, पण कात्रण मी कपाटाला लावलं.

२९ जुलै, शुक्रवार.

पाठपुरावा. विजेच्या ऑफिसात स्वतः गेलो. आवक विभागात सुमनबाई म्हणून आहेत, कपाळाला मोठं कुंकू, आवाज खणखणीत. तक्रारींची फाइल काढली, त्यात नाही. मागण्यांची काढली, त्यात नाही. मग त्यांना एकदम आठवलं. म्हणाल्या, ते कवितेचं होय, आणि कपाटाच्या वरच्या फळीवरून एक फाइल उतरवली. वर लिहिलेलं: आभार व शुभेच्छा. आत दिवाळीची ग्रीटिंग कार्डं, एक लग्नपत्रिका आणि माझं निवेदन.

म्हणाल्या, काका, आम्ही सगळ्यांनी डबा खाताना वाचलं. ती वायरमनची बायको वाचताना मला भरून आलं. साहेबांनी त्याची कॉपी मुंबईला पण पाठवलीय, वार्षिक अहवालाला जोडून.

मुंबईला. माझं लेखन आजवर जकात नाक्याच्या पुढे गेलं नव्हतं.

मी विचारलं, सातव्या पानावर मागणी होती, तिचं काय? सुमनबाईंनी पानं उलटली, वाचली, आणि माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, अहो काका, फीडर बदलायचाय होय तुम्हाला? त्याला छापील फॉर्म असतो. एका गल्लीला एकच. आणि ड्रॉवरमधून काढून दिला. एक पान. चार रकाने: नाव, ग्राहक क्रमांक, सध्याचा फीडर, हवा असलेला फीडर. मागे गल्लीतल्यांच्या सह्या. म्हणाल्या, उद्या आणून द्या, मी स्वतः टेबलावर ठेवते.

फॉर्म घेतला. घेणं भाग होतं, बाई चांगल्या आहेत. पण चार रकान्यांत अकरा कुटुंबांची व्यथा? भावना या शब्दाला रकानाच नाही.

ठरवलं: फॉर्म भरायचा. उद्याच.

३० जुलै, शनिवार.

ग्राहक क्रमांक अमितच्या फाइलमध्ये आहे. अमितकडे मागितला तर तो विचारणार कशाला. मग चार रकान्यांचं सांगावं लागणार. सोमवारी बघू.

८ ऑगस्ट, सोमवार.

शांतपणे विचार केला. निवेदन मुंबईत विचाराधीन असताना खालच्या पातळीवर फॉर्म देणं हा वरिष्ठांचा अपमान होईल. आधी उत्तर येऊ द्यावं. फॉर्म शब्दकोशात ठेवला आहे, चुरगळू नये म्हणून.

अमितने विचारलं, नाना, पुढे काही? म्हटलं, चालू आहे. खोटं नाही.

१९ ऑगस्ट, शुक्रवार.

उत्तर आलं. लेटरहेडवर. आपल्या सद्भावनेबद्दल हे कार्यालय आपले ऋणी आहे, यापुढेही अशीच सेवा देण्याचा प्रयत्न राहील. माझ्या नऊ वर्षांतलं तिसरं उत्तर, आणि सगळ्यांत सुंदर.

अमितने वाचलं आणि मोठ्याने पुन्हा वाचलं: अशीच सेवा. त्याच क्षणी वीज गेली. योगायोग. पण त्याने ज्या पद्धतीने पत्र घडी घालून माझ्या हातात दिलं, ते बरं वाटलं नाही.

६ सप्टेंबर, मंगळवार.

उद्या गणपती. अमित चाकणला. या महिन्यात दुसऱ्यांदा. पल्लवीने शुभांगीच्या शाळेत दाखल्याची चौकशी केली असं सावित्री म्हणाली. नुसती चौकशी. चौकशी आम्हीही पुष्कळ करतो.

दुपारी शुभांगी पाठांतर करत होती, मी तिला टाळी देऊन लय दाखवली. तिने विचारलं, आजोबा, चाकणला कवितेच्या बाई असतात का? मी म्हटलं, तुला कशाला हवंय ते. ती म्हणाली, मग तुम्ही फोनवर शिकवा. हिला कोण काय सांगतं कोणास ठाऊक.

संकल्प: स्मरणपत्र. या वेळी शार्दूलविक्रीडितात. जरा भारदस्त.

१७ सप्टेंबर, शनिवार.

संघाची बैठक. गायखेंनी विचारलं, नाना, आहेरसाहेब मला रस्त्यात भेटले, म्हणाले तुमच्या गल्लीची काही तक्रारच नाही, अर्ज नाही काही नाही. पाठपुरावा कुठवर आला? मी म्हटलं, प्रक्रियेत आहे. शेड नंबर चारचा प्रेसवाला पुटपुटला, प्रक्रियेत आमचे दोन कामगार काम सोडून गेले.

मग ठराव झाला. निवेदन समिती (म्हणजे मीच) बरखास्त, आणि मला संघाचा ज्येष्ठ मार्गदर्शक नेमण्यात आलं. बढतीच. मार्गदर्शकाला काय काम असतं असं विचारलं, तर गायखे म्हणाले, नाना, काही नाही. तुम्ही नुसते या.

फॉर्मबद्दल बोलणार होतो. आभाराचं भाषण आधी करावं लागलं, मग लोक उठले.

१ ऑक्टोबर, शनिवार.

मोठ्या गिऱ्हाइकाने माल परत पाठवला. पुन्हा अर्धवट तापलेला. गोटीराम जिन्यात बसून होता. म्हणाला, नाना, अमितभाऊ मला बी चल म्हणत्यात. पोरं हितं शाळेत, गाव हितून जवळ. काय करू?

मी म्हटलं, थांब, दसऱ्याआधी होईल. तो म्हणाला, तुमी म्हनता म्हंजे होईलच. मग उठून गेला.

हे वाक्य दिवसभर कानात आहे. जेवण गेलं नाही.

१० ऑक्टोबर, सोमवार.

शब्दकोश उघडला. फॉर्म भरला.

चार मिनिटं लागली. सकाळीच अकरा शेडमध्ये फिरून सह्या घेतल्या. प्रेसवाल्याने सही करताना फॉर्मवर सुमनबाईंनी देताना टाकलेली जुलैची तारीख बघितली, माझ्याकडे बघितलं आणि पेन परत दिलं. सुमनबाईंनी शिक्का मारला. म्हणाल्या, काका, एवढे दिवस कुठे होतात? आजारी होतात का? मी हो म्हटलं.

परत आलो तर अमित क्रेनवाल्याशी बोलत होता. त्याला सांगितलं, फॉर्म दिलाय, आठ-दहा दिवसांत होईल. त्याने विचारलं, फॉर्म असतो? कधीपासून?

खरं सांगितलं.

तो रागावेल असं वाटलं होतं. रागावला नाही. म्हणाला, नाना, मी तिकडे शब्द दिलाय. मागे फिरता येत नाही आता. आणि माझ्या शर्टाच्या खिशाला शाई लागली होती, ती बघून म्हणाला, आईला सांगा, लिंबू लावेल.

१२ ऑक्टोबर, बुधवार. दसरा.

भट्टीला झेंडूचा हार. नारळ मी फोडला, हात थोडा कापला. वीज गेली नाही. सणाला देतात.

१५ ऑक्टोबर, शनिवार.

भट्टी गेली. क्रेनने उचलताना एकदाच करकरली. पाच वाजता ट्रक निघाला. गोटीराम ट्रकमध्ये पुढे बसला, ड्रायव्हरच्या शेजारी, मांडीवर डब्याची पिशवी. पोरं नंतर नेणार म्हणाला. माझ्या पाया पडायला उतरला आणि पुन्हा चढला. मागून गाडीत अमित, पल्लवी, शुभांगी. सावित्रीही गेली, घर लावून द्यायला. महिनाभर म्हणते.

शार्दूलविक्रीडितातलं स्मरणपत्र तीन ओळींवर थांबलं आहे. पूर्ण करायचं कारण दिसत नाही.

१८ ऑक्टोबर, मंगळवार.

आज दुपारी वायरमन आले, दोन खांबांवर चढले, अर्ध्या तासात उतरले. आमची गल्ली कारखान्यांच्या फीडरवर. संध्याकाळपर्यंत एकदाही वीज गेली नाही. प्रेसवाल्याने पेढा आणून दिला. म्हणाला, नाना, झालं बघा शेवटी.

अर्धा खाल्ला.

२० ऑक्टोबर, गुरुवार. शेडमध्ये बसून.

घरी करमत नाही म्हणून सकाळी शेड उघडली. भट्टी होती तिथे चौकोनी डाग आहे, आठ फूट बाय सहा. दिवा लावला. खुर्ची टाकून बसलो. ठरवलं: इथे मुलांसाठी वृत्तांचा वर्ग काढायचा. वसाहतीत मुलं कुठून येणार हे नंतर बघू.

अकराच्या सुमारास दारात जीप थांबली. आहेरसाहेब. एकटेच, हातात पाकीट. मी उठायच्या आत तेच आत आले.

म्हणाले, नाना, तुमचं ते पत्र मुंबईला फार आवडलं. एवढा लोकप्रिय अधिकारी अवघड भागात हवा म्हणून माझी बदली केलीय. पार विदर्भाच्या टोकाला. वडील चांदवडला अंथरुणाला खिळलेत हो. संघाकडून एक निवेदन द्या, नाशिकला माझी गरज आहे म्हणून. फक्त नाना, हात जोडतो, चार ओळींत लिहा. कविता नको.

मी वही उघडली. चार ओळी लिहिल्या. पहिल्याच ओळीत मागणी. वाचून त्यांनी मान हलवली, घडी घालून खिशात ठेवली, आणि निघता निघता वरच्या दिव्याकडे बघितलं. विचारलं, आता वीज टिकते ना नीट?

म्हटलं, एकदाही जात नाही.

मग त्यांनी मागे शेडमध्ये नजर टाकली. विचारलं, आणि भट्टी? आवाज नाही कसला.

म्हटलं, आज आमची साप्ताहिक सुट्टी.

अंबडची सुट्टी शनिवारी असते. वीज वाचवायला कोणत्या वसाहतीला कधी सुट्टी, तो तक्ता त्यांच्याच सहीने निघतो. ते दारातून परत फिरले. चप्पल काढून त्या चौकोनाला वळसा घालून आत आले आणि माझ्यासमोर, जमिनीवर बसले.